पंचमीच्या आठवड्यातला पट

निंबखेड, १ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

पार्वताआत्या,

परवा बुधवारी, तीस जुलैला, सकाळी पावणेअकरा वाजता माझं सगळं बदललं. तारीख आणि वेळ दोन्ही लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी विचारलं तर तुझ्याजवळ पुरावा राहील.

तुझ्या पायावर डोकं ठेवलं असं समज आणि पुढं वाच. फोन का करत नाही म्हणून रागावू नको. फोन मागच्या महिन्यात मीच भिंतीवर मारला. बाबांनी कॉलेजचं नाव काढलं होतं. त्या विषयावर मी बोलणार नाही, तूही विचारू नको. नवीन फोनचं म्हटलं तर बाबा म्हणतात, "आधी भिंतीचा पोपडा भरून दे." शालिकरामकाका रोज बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला ड्युटीवर जातात, त्यांच्या डब्याच्या पिशवीत ही चिठ्ठी टाकतो. उत्तरही त्यांच्याच हाती दे. कागदाला भाजीचा वास आला तर दोष काकूचा.

तर बुधवार. आपल्या गावच्या शाळेच्या आवारात जिल्हा परिषदेची बालवाडी आहे, तुला ठाऊकच आहे. तिथं जूनपासून नवीन मॅडम आल्या आहेत, प्रणाली मॅडम. वलगावहून स्कुटीवर येतात. शाळेसमोरच्या पारावर मी महिनाभरापासून बसतो. तिथं हवा चांगली येते. बुधवारी मॅडम फाटक उघडून सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी रोज इथं बसून राहता. कोनाची वाट पाहता काय?"

"नाई. असाच."

"असंच बसायचं असन तर काम करा. हे घ्या."

हातात एक फळी दिली. तिला चिमट्यानं अडकवलेले कागद. घर नंबर, तीन ते सहा वर्षांचं मूल, जन्मतारीख, आईबापाचं नाव, घरी बोलतात ती भाषा, बालवाडीत येते का, येत नसेल तर कारण. आत्या, गोष्ट अशी आहे की पटावर फक्त तेरा पोरं आहेत. सात तारखेला, गुरुवारी, तालुक्याहून पर्यवेक्षिका येणार. त्या दिवशी वीस पोरं समोर बसलेली दिसली नाहीत तर आपली बालवाडी वलगावच्या बालवाडीत मिसळायची आणि मॅडमची बदली वर मेळघाटात. तीन वर्षांचं पोट्टं चार किलोमीटर कसं जाईल, हे त्या आदेशात लिहिलेलं नाही. मेळघाट इथून किती लांब आहे तेही लिहिलेलं नाही, पण मला ठाऊक आहे.

दोन दिवसांत मी गावातली एकशे चौसष्ट घरं फिरलो. माझंच गाव, पण मला ते माहीत नव्हतं. पटावरच्या तेरात दहा पोरी आणि तीन पोरं. का, तर पोरगा असला की सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये टाय लावून वलगावच्या कॉन्व्हेंटात जातो, आणि त्याच घरची पोरगी पायी बालवाडीत येते. एका घरी मी यावरून भांडलो. मॅडम म्हणाल्या, भांडणाचा रकाना नाही, पुढं चला. भाषेच्या रकान्यात मी सगळीकडं वऱ्हाडी लिहिलं होतं. मॅडमनं ते खोडून मराठी केलं. मी म्हटलं, एकदा ऐकून तर पाहा. त्या हसल्या. आत्या, त्या हसल्या.

आणि मला नऊ नवीन पोरं सापडली. पाणीपुरीवाल्याची दोन जुळी, घरी भोजपुरी बोलतात. बालवाडीच्या मदतनीस मनकर्णाबाई, त्यांची स्वतःचीच नात. "लोकं म्हनतीन, नातीले फुकट खिचडी चारते," म्हणून त्या तिला आणतच नव्हत्या. आणि गावातल्या चांगल्या चांगल्या घरातून सहा. तेरा आणि नऊ बावीस. मॅडमनं काल संध्याकाळीच नावं रजिस्टरात चढवली आणि मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला.

मग आज सगळ्या पोरांना उभं करून म्हणाल्या, "शिवमदादाले थँक्यू म्हणा."

दादा. आत्या, हे मोजायचं का? तू बत्तीस वर्षं बालवाडी चालवली, तुला माहीत असेल. माझ्या तक्त्यांची नक्कल सोबत जोडली आहे. शाबासकी लवकर पाठव.

तुझा शिवम

*

अकोला, २ ऑगस्ट, शनिवार

शिवम,

तुला खूप आशीर्वाद. वास भाजीचा नव्हता, आंब्याच्या लोणच्याचा होता, आणि पावणेअकरावर तेलाचा डाग पडला आहे. पुरावा म्हणून चालेल.

दादाचं मनावर घेऊ नको. बालवाडीत देवळाचा पुजारीसुद्धा दादा असतो आणि झाडू मारणारी आजी असते. पोरांना नातं लागतं, नाहीतर ती कोणाचं ऐकत नाहीत. मला तीन वर्षं एक पोरगा आई म्हणत होता आणि त्याची आई बाई म्हणत होती.

आता तुझे तक्ते. अक्षर तुझ्या बापासारखं, पण जन्मतारखा नीट विचारल्या आहेस. नऊ नावं मी चष्मा पुसून दोनदा वाचली. वामनराव काळमेघांच्या घरात रुद्र इंगोले कुठून आला रे? पुढं ढोकेंच्या घरी बोंडे, खंडारेंच्या घरी गावंडे. सहा घरांत घराचं आडनाव एक आणि पोराचं दुसरं. आणि हा रुद्र इंगोले मला चांगला ओळखीचा आहे. आमच्याच गल्लीतला. दर शनिवारी मी इथल्या बालवाडीत गोष्ट सांगायला जाते, तिथं तो पुढच्या रांगेत बसून नाकात बोट घालतो. आजही बाईंनी त्याचं नाव पुकारलं, म्हणाल्या, "रुद्र मामाकडे गेला." म्हणजे हे एक पोरगं सध्या दोन बालवाड्यांत एकाच वेळी बसलं आहे.

बाळा, नागपंचमी मंगळवारी झाली. तू बुधवारी फिरलास. गावातल्या साऱ्या लेकी पोरं घेऊन माहेरी आलेल्या आहेत. तू दारात उभा राहून आजीला विचारलंस, "घरात लहान पोरगं हाये काय?" आपल्याकडची कोणती आजी लेकीच्या पोराला पाहुणा म्हणेल? "हाये ना, आमचंच हाये," असंच म्हणणार. खोटं ती बोलली नाही. चूक तुझीही नाही, तुला कोणी सांगितलं नव्हतं. पण ही सहा पोरं सात तारखेला बसतील आणि राखी झाली की आपापल्या घरी जातील.

उद्या रविवार आहे. वलगाव लांब नाही. जाऊन मॅडमना सांग. त्यांनी त्या रजिस्टरावर सही केली आहे.

पार्वताआत्या

*

निंबखेड, ३ ऑगस्ट, रविवार

आत्या,

मी सांगणार नाही.

तुझं पत्र काकांनी दिलं, मी ते पारावर वाचलं आणि अर्धा तास नुसता विहिरीपर्यंत जाऊन परत येत राहिलो. तू म्हणतेस ते खरं आहे. मी काळमेघांच्या घरी जाऊन पुन्हा विचारलं. आजी म्हणे, "मंग काय झालं, माह्या लेकीचं नाई का ते?" रुद्र त्या वेळी नाकात बोट घालूनच उभा होता.

पण ऐक. पर्यवेक्षिका काय मोजणार? डोकी. गुरुवारी सकाळी बावीस डोकी समोर असतील की नाही? असतील. पाहुण्याचं डोकं काय आत पोकळ असते? त्या मोजतील, लिहितील, जातील. बालवाडी राहील. नंतर सहा गेली तर गेली, पुढच्या वर्षी पाहू. साऱ्या तालुक्यात असंच चालत असेल. एकट्या निंबखेडनं हरिश्चंद्र होऊन काय मिळवायचं आहे?

आणि सांगितलं तर काय होईल? बावीसमधून सहा गेले, सोळा. सोळाला बालवाडी बंद. मॅडम मेळघाटात. माझ्या चुकीमुळे, माझ्याच तोंडानं. मी पहिल्यांदा एखादं काम हातात घेऊन पूर्ण केलं होतं. तेही चुकलं, हे मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगू? कॉलेजात प्रॅक्टिकलच्या सरांनी साऱ्या वर्गासमोर म्हटलं होतं, "याला साधं मोजता येत नाही." त्या दिवशी जर्नल फाडून मी बाहेर पडलो ते पडलो. आता हेच मॅडमच्या तोंडून ऐकायचं माझ्यात बळ नाही.

तूच सांग, बत्तीस वर्षांत तुला एकदाही असं करावं लागलं नाही? खरं सांग. आणि हे पत्र फाडून टाक.

शिवम

*

अकोला, ४ ऑगस्ट, सोमवार

शिवम,

पत्र फाडलं नाही. माझ्याकडं एक डबा आहे, त्यात ठेवलं.

तू खरं सांग म्हणालास, तर सांगते. तुझ्या बापालाही माहीत नाही. अठ्ठ्याण्णव साल, बार्शीटाकळी. माझ्या पटावर पोरं कमी होती आणि याच आठवड्यात तपासणी आली. तू चुकून केलंस, मी जाणून केलं. गल्लीत फिरून माहेरी आलेल्या लेकींची पोरं गोळा केली, त्यांच्या केसांना तेल लावलं, रांगेत बसवलं. साहेबांनी मला शाबासकी लिहून दिली. तो कागद मी चौकट करून भिंतीवर लावला होता.

दिवाळीच्या सुमारास बालवाडीच्या मागच्या हातपंपावर एक पाच वर्षांची पोरगी पाण्याची घागर ओढताना दिसली. विचारलं, कुठली गं? म्हणे, इथलीच. माझ्या भिंतीला पाठ लावून त्यांची झोपडी. आई रोजानं जायची, ही धाकट्या भावाला सांभाळायची. तिचं नाव माझ्या पटात नव्हतं. का नव्हतं, सांगू? पट भरला की बाई पोरं शोधायचं बंद करते. पुढच्या वर्षी मी तिला बोलवायला गेले तोवर ती सहाची झाली होती, आणि भाऊ अजून कडेवरच होता. ती शाळेत बसलीच नाही.

तिचं नाव रागिणी. आता इथंच अकोल्यात भाजीबाजारात सांबार-कोथिंबिरीच्या जुड्या विकते. मला लांबून हाक मारते, "बाई, ओ बाई." मी तिला एक अक्षर शिकवलेलं नाही. गावाला जायचं असलं की मला म्हणते, बाई, त्या गाडीची पाटी काय म्हणते पाहा बरं. मी वाचून देते. दर वेळी देते.

ती चौकट मी कधीच उतरवली. डब्यात आहे, तुझ्या पत्राच्या खाली.

बरं, आता डोळे पूस आणि कामाचं ऐक. काल रात्रभर नव्हे पण जेवण होईस्तोवर मी तुझे तक्ते पुन्हा पाहिले. पाच घरांपुढं तू एकच ओळ लिहिली आहेस: "मूल नाही. सून माहेरी." अरे शहाण्या, सून माहेरी गेली ती काय एकटी गेली? पोराला खुंटीला टांगून गेली? तू पाहुणे मोजलेस आणि घरची पोरं सोडून दिलीस. तुझ्या गावच्या लेकी जशा आल्या, तशा तुझ्या गावच्या सुना गेल्या. इथं अकोल्यातल्या कोणत्यातरी पटावर तुमची पोरं बसली असतील.

आजच मॅडमना सांग. आणि या पाच घरांतल्या माणसांना उद्या मंगळवारीच आणायला पाठव. बुधवारी कोणी लेक पाठवणार नाही हे तुला माहीत नसलं तरी तुझ्या आजीला माहीत होतं.

काका संध्याकाळच्या गाडीनं निघतात, म्हणून इथंच थांबते.

पार्वताआत्या

*

निंबखेड, ५ ऑगस्ट, मंगळवार

आत्या,

सांगितलं.

काल काका सातला आले. तुझं पत्र मी त्यांच्या फाटकातच वाचलं आणि सायकल काढून वलगावला गेलो. मॅडमच्या घरी त्यांचे वडील ओसरीवर मूग निवडत होते. मी म्हटलं, बालवाडीचं काम आहे. मॅडम बाहेर आल्या. मी एका दमात सगळं सांगितलं, मध्ये श्वास घेतला असता तर पळून गेलो असतो. त्या ओरडल्या नाहीत. आत गेल्या, रजिस्टर घेऊन आल्या, लाल पेन काढला आणि सहा नावांवर एकेक सरळ रेघ मारली. नाव वाचता येईल अशी. प्रत्येक रेघेच्या कडेला सही केली. म्हणाल्या, "सोळा."

मग म्हणाल्या, "अन् ते पाच घरं कोनते?"

त्यांचे वडील मूग निवडता निवडता म्हणाले, "पोरगं उभंच हाये, त्याले पानी तं दे." आत्या, पाणी दिलं.

आज सकाळी सहापासून मी, मॅडम आणि मनकर्णाबाई पाचही घरी गेलो. मनकर्णाबाई बोलण्यात वाघीण. एका सासऱ्याला म्हणाल्या, "राखीले पुन्हा धाडजा सुनेले, कोन नाई म्हनते? पन दोन दिवस आमाले नातू द्या उसना." तिघं तयार झाले. एक दर्यापूरला गेला, एक चांदूरबाजारला, एक इथंच बडनेऱ्याला. दुपारपर्यंत तीन सुना, तीन पोरं, आणि प्रत्येकीसोबत माहेरचा लाडवाचा डबा. आम्हाला तीन ठिकाणी लाडू खावे लागले. चौथ्या घरचं पोरगं अडीच वर्षांचंच निघालं. सोळा आणि तीन एकोणवीस.

राहिलं पाचवं घर. जानरावचं.

जानराव म्हणजे ट्रॅक्टरवाला, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा. त्याच्या शेजारी राहणाऱ्या चुलतीनं मला सांगितलं होतं, "आरती पंचमीले गेली." ती पंचमीला गेलेलीच नाही. गुरुपौर्णिमेला भांडून गेली, चार वर्षांच्या पिहूला घेऊन. भांडण कशाचं, तर जानरावनं पिहूची बकरी विकून ट्रॅक्टरवर मोठा डेक बसवला. आता तो गाणी लावून ट्रॅक्टर चालवतो आणि घरी स्वतः भाकरी करून खातो.

मी गेलो आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुझ्या एका अकडीपायी साऱ्या गावची बालवाडी बंद होईल. तो म्हणे, "ज्याचं कॉलेज अर्धं रायलं त्यानं मले संसार शिकवू नये." मी बाही वर सारली. त्यानं पाना उचलला. मनकर्णाबाई मध्ये आल्या म्हणून दोघांचे दात शाबूत आहेत.

मॅडम वळणावर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला प्रवेशाचा कोरा फॉर्म दिला. म्हणाल्या, "पुन्हा जा. काही बोलू नका. फॉर्म द्या, पेन द्या, उभे राहा."

"काहीच बोलू नको?"

"तुमाले जमन का?"

आत्या, जमलं. पाव तास मी तोंड उघडलं नाही. जानरावनं फॉर्म ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवला आणि भरायला लागला. मुलीचं नाव लिहिलं. जन्मतारीख न विचारता लिहिली. आईचं नाव, तिथं तो थांबला. पेन तसाच धरून रस्त्याकडं पाहत बसला. मग लिहिलं, आरती, आणि पुढं स्वतःचं नाव, आडनाव. खाली दोन सह्या असतात, वडिलांची आणि आईची. त्यानं आपली केली.

"आता हिची कशी आनू?" म्हणाला. मला विचारत नव्हता.

त्यानं फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि ट्रॅक्टर सुरू केला. गाणं लावलं नाही. याचा अर्थ काय, मला कळत नाही. तुला कळत असेल तर कळव. आरतीवहिनीचं माहेर तुमच्या अकोल्यातच, डाबकी रोडला आहे, पिठाच्या गिरणीच्या मागं. तू एकदा जाशील का? आता आमच्या हातात काही नाही. एकाच पोरीसाठी अडलं आहे.

शिवम

*

अकोला, ६ ऑगस्ट, बुधवार

शिवम,

काकांनी सकाळी पत्र दिलं आणि मी ऑटो करून दहाला डाबकी रोडला पोचले. गिरणीवाल्यानं घर दाखवलं. आरती दारात लसूण सोलत होती. पोरगी गोड आहे, समोरचा एक दात नाही. मी बालवाडीचं सांगितलं. आरती म्हणाली, "मले बालवाडीचं समजते आत्याबाई. पन मी आपल्या पायानं काहून जाऊ? त्यानं यावं, इथं बसावं, माह्या बापाच्या पंगतीले जेवावं, अन् मंग म्हनावं चाल."

मी म्हटलं, बरोबर आहे. खरंच बरोबर होतं, मी काय दुसरं म्हणणार.

चहा ओठाला लावला तेवढ्यात फाटक वाजलं. जानराव. एका हातात तुमचा फॉर्म, दुसऱ्या हातात काहीच नाही. पोरीसाठी बिस्किटाचा पुडासुद्धा आणायचं त्याला सुचलं नव्हतं, इतका घाईत निघाला होता. म्हणाला, "सही पायजे." आरती म्हणाली, "सहीच पायजे?" त्यानं फॉर्मची घडी उलगडली. पिहू पळत आली आणि तिनं बापाला एकच विचारलं, "बकरी आनली?"

आत आरतीच्या आईनं ताट वाढायला घेतलं आणि तिथूनच सांगितलं, "आज बुधवार. 'जाशील बुधी तर येशील कधी.' आज कोनी उंबरा ओलांडनार नाई. जावईबाप्पू रायतीन." जावई म्हणाला, उद्या अकराला तपासणी आहे. सासू म्हणाली, पहाटे गाडी आहे, आधी हात धुवा.

तो हात धुवायला गेला तेव्हा मी उठले. सही झाली की नाही हे मी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. नवरा-बायकोच्या मध्ये म्हातारी बसली की दोघंही तिच्याशीच बोलत राहतात.

पहाटेची गाडी मूर्तिजापूरला कधी कधी थांबवून ठेवतात, एवढं ध्यानात ठेव. बाकी काय होते ते कळव. आणि तुझ्या प्रणाली मॅडमना जे मनातलं सांगायचं आहे ते सांग, पण हळू आवाजात.

पार्वताआत्या

*

निंबखेड, ७ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी

आत्या,

मी सकाळी सातपासून फाटकाशी उभा होतो. मनकर्णाबाई झाडून झाल्यावर म्हणाल्या, "तू हल, मले तुह्या खालचं झाडायचं हाये."

साडेनऊपर्यंत एकोणवीस आली. पाणीपुरीवाल्याची जुळी एकाच चपलेच्या जोडीत आली, एकाच्या उजव्या पायात, एकाच्या डाव्या. आणि त्यांच्या मागून आपापली ताटली घेऊन रुद्र इंगोले आणि त्याची पाच पाहुणे मंडळी. नाव कटलं ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आज खिचडीत शेंगदाणे होते. मी मॅडमकडं पाहिलं. म्हटलं आता काय करायचं. मॅडमनं भिंतीकडं दुसरी सतरंजी टाकली आणि म्हणाल्या, "पाहुण्यांनी इकडं बसायचं. पाहुण्यांले आधी वाढतात." सहाही जणं अशी ऐटीत बसली की घरच्या एकोणवीसना हेवा वाटला.

मूर्तिजापूरचं तू लिहिलंस त्यामुळे माझा जीव तिथंच अडकला होता. दहा वाजले. सव्वादहा. जानरावनं काल बडनेऱ्याच्या स्टेशनात लावलेली मोटारसायकल वळणावर दिसली. पुढं जानराव, मागं आरतीवहिनी, मध्ये दाबून बसलेली पिहू. वहिनी उतरल्या, पोरीचे केस नीट केले आणि मला म्हणाल्या, "बालवाडीची वेळ दहाची असते ना? मी याले सांगत होती, गाडी जोरात हान." जानरावनं दुसरीकडं पाहतच फॉर्म दिला. त्यावर दोन सह्या होत्या आणि कढीचा मोठा पिवळा डाग. मॅडमनं तो डाग न पुसता फाईलला लावला. वीस.

पर्यवेक्षिका पौर्णिमा मॅडम सव्वाअकराला आल्या. उंच, चष्मा, हातात पाण्याची बाटली. आधी पोरं मोजली. बोटानं नाही, नुसत्या नजरेनं. "सव्वीस दिसतात."

प्रणाली मॅडम म्हणाल्या, "वीस आमचे. सहा पाहुणे."

मग पौर्णिमा मॅडमनी रजिस्टर उघडलं. लाल रेघांवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"पंचमीले आलेले होते. चुकून चढवले. कळलं तसं कमी केले."

आत्या, मी खिडकीशी होतो. मला वाटलं आता गेलं सगळं. मी आत शिरून म्हणालो, "चूक माही हाये, मॅडमची नाई. सर्वे मी केला." आवाज चढलाच थोडा. एक पोट्टं रडायला लागलं. पर्यवेक्षिकाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, मग रजिस्टराकडं, आणि खुर्चीत मागं रेलून हसायला लागल्या. म्हणाल्या, "या आठवड्यात आठ बालवाड्या पाहिल्या. आठही ठिकाणी पट फुगलेला. मी स्वतः अशाच एका गावची सून आहे, मला कळत नाही का? खोडलेली नावं मात्र आज पहिल्यांदा पाहिली." वीसला गोल केला, सही केली. शेऱ्यात लिहिलं, 'पट खरा आहे. बालवाडी सुरू ठेवावी.' जाताना मला विचारलं, शिकता काय? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "शिकत असता तर पुढच्या गावांचा सर्वे तुमच्याकडं दिला असता." आजकाल मला गप्प राहता येते.

काळमेघांच्या आजीनं आत्ताच सांगितलं, राखी झाली की रुद्र अकोल्याला येतोय. त्याच्या बाईंना सांग, आता एकाच ठिकाणी मोजा.

खिचडी झाली. सव्वीस पोरं दोन सतरंज्यांवर आडवी झाली. पिहू झोपत नव्हती, म्हणून मॅडमनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि दुसऱ्या हातानं रजिस्टरात हजेरी लिहीत होत्या. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मनकर्णाबाई बाहेर भांडी घासत होत्या. मला वाटलं, हीच वेळ. वाक्य मी तीन दिवसांपासून पाठ केलं होतं. जवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, "मॅडम, मले तुमाले एक सांगायचं हाये."

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. पिहूचे डोळे नुकतेच मिटत होते. मी थांबलो. पंख्याखाली त्यांच्या रजिस्टराचं पान फडफडत होतं, मी ते अंगठ्यानं दाबून धरलं. बराच वेळ धरलं. पोरगी झोपली.

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "उद्या सांगा."

"उद्या?"

"उद्या बालवाडी हाये ना." आणि खाली पाहून पुन्हा लिहायला लागल्या. पण कान लाल झाले होते, आत्या. मी पाहिलं.

मी उठलो. चपला हातात घेतल्या, दोन सतरंज्यांच्या मधून पाय जपत दारापर्यंत आलो, बाहेर पडलो, आणि कडी वाजू नये म्हणून बोट मध्ये धरून दार लावून घेतलं.